गाडी सोडायची की अडवायची? झोप उडालीय, बोला काहीतरी

काळी_नखं
धागा कुठल्या विभागात काढायचा कळलं नाही म्हणून इथेच काढतोय, हलवला तरी हरकत नाही. मी गॅरेजवाला. १९ वर्षं झाली, त्यातली पहिली ६ दुसऱ्याच्या हाताखाली.

गेल्या आठवड्यात एक गाडी आली, शाळेच्या मुलांची ने-आण करणारी. मालक तोच, ड्रायव्हर तोच. तक्रार एवढीच की वळताना पुढून खडखड येते. रॅम्पवर घेतली, पहार घालून उचकटून बघितलं तर डाव्या बाजूचा खालचा बॉल जॉइंट टक टक हलतोय, रबरी बूट फाटलेला, ग्रीस कधीच वाहून गेलेलं, आत पाणी-माती. उजवा पण त्याच वाटेवर. वर पुढच्या ब्रेकचा एक होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) फुगलेला, चिरा डोळ्यांना दिसत होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बॉल जॉइंट म्हणजे चाकाचा खुबा समजा, चाक वळतं आणि वरखाली होतं ते त्याच्या जिवावर. तो निसटला की चाक फेंगडतं, गाडीचा तो कोपरा रस्त्यावर टेकतो आणि स्टिअरिंग नुसतं हातात राहतं. पार्किंगमध्ये झालं तर नशीब म्हणायचं.

त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, दादा पुढच्या महिन्यात करू, या महिन्यात टायर टाकलेत. मी म्हणालो अरे मुलं बसतात गाडीत. तो म्हणाला मलाही पोरं आहेत, गाडी थांबली तर ती काय खाणार. यावर काय बोलायचं? बिलावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "बॉल जॉइंट व ब्रेक होज धोकादायक, गाडी चालवू नये असे सांगितले आहे", त्याची सही घेतली आणि किल्ली दिली.

कागदावर मी सुटलो. पण त्या गाडीत रोज जी बसतात त्यांनी कुठे सही केलीय? दुपारी शाळा सुटायच्या वेळेला कुठे सायरन वाजला की हातातला पाना थांबतो. बायको म्हणते तू काय त्याचा बाप आहेस का. तुम्ही सोडली असती का गाडी? गॅरेजवाल्यांनी पण बोला आणि गाडीवाल्यांनी पण.

चारचाकीचा_हप्ता
राग मानू नका, पण तुमची पोस्ट वाचताना माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला की परत तेच. घाबरवणं. मला एकदा शॉकअप गळतायत म्हणून खाली नेऊन दाखवलं, खरंच तेलाने ओले होते, चारही. मी घाबरून हो म्हणालो. नंतर एका ओळखीच्या मिस्त्रीने विचारलं, चारही एकाच दिवशी गळायला लागले? आणि तेलावर धूळ होती का? नव्हती, चकचकीत होतं तेल. कॅनमधून मारलेलं ताजं. तेव्हापासून कोणी "धोकादायक" म्हटलं की मी किल्ली घेऊन निघतो. तो शाळेच्या गाडीवाला पण असाच कुठेतरी पोळलेला असेल, तुमच्या आधी त्याला १० जणांनी धोकादायक सांगितलं असेल आणि काहीच झालं नसेल. मग तुमचं खरं त्याने कशावरून ओळखायचं?

काळी_नखं
राग नाही. तेल मारणारे आमच्यात आहेत, मी स्वतः बघितलेत, सुरुवातीला जिथे काम शिकलो तिथे तो कॅन वेगळा ठेवलेला असायचा. हेल्पर होतो तेव्हा, एकदा मीच मारलाय. सांगितलं म्हणून मारला, १७ वर्षांचा होतो. लिहून टाकलं एकदाचं.

धागा_वाचक_फक्त
वाचतोय.

टॉर्क_रेंच
मी मोठ्या सर्व्हिस सेंटरला ॲडव्हायजर होतो, आता सोडलं. काउंटरच्या पलीकडून सांगतो. बाहेरून वाटतं की आमच्यासारखे लोक सकाळी उठून ठरवतात की आज कोणाला फसवू. तसं नसतं हो. महिन्याचं टार्गेट असतं, एका गाडीमागे सरासरी बिल किती पडलं त्याचा तक्ता भिंतीवर असतो, आणि तुमचं नाव खालून दुसरं असतं. मग समोर गाडी येते, ब्रेक पॅड नवे असताना साधारण १० ते १२ मिलिमीटर, बदलायचे ३ च्या आसपास आणि या गाडीचे ५ भरतात. ५ म्हणजे अजून बरेच चालतील. पण तुम्ही म्हणता "सर, निम्म्याच्या खाली आलेत". खोटं आहे का? शब्दाने नाही. मी अशी वाक्यं वर्षानुवर्षं बोललो. खोटं एकही नाही आणि खरंही एकही नाही.

१९९२ साली कॅलिफोर्नियात सिअर्स या मोठ्या दुकान-साखळीच्या गॅरेजांचं प्रकरण झालं होतं, तिथल्या सरकारी खात्याने साध्या वेषातली माणसं गाड्या घेऊन पाठवली आणि नको ती कामं गळ्यात मारली जातायत हे पकडलं. त्याच्या मुळाशी ॲडव्हायजरचं कमिशन आणि टार्गेट होतं, बोभाटा झाल्यावर कंपनीने ते बंद केलं. ते वाचलं तेव्हा मला गंमत वाटली नाही, आमचा भिंतीवरचा तक्ता आठवला.

पण उलटी बाजू पण ऐका. ब्रेक ऑइल घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ नावाचा ब्रेक ऑइलचा प्रकार नवा असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. हे डोळ्यांनी दिसत नाही, आवाज येत नाही, गाडी आज मस्त थांबतेय. मी खरंच गरज असताना "ब्रेक ऑइल बदला" म्हणायचो आणि गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायचं जसं मी खिशात हात घातलाय. त्यात त्याची काय चूक, आदल्या वेळेला मीच त्याला इंजिन फ्लश विकलेलं असायचं, नको असताना.

तर काळी_नखं साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, मी सोडली असती. आणि मलाही झोप आली नसती.

अर्थाचा_अनर्थ
शिकवतो ते विसरून बोलणं जमत नाही म्हणून थोडं पुस्तकी. टॉर्क_रेंच जे सांगतायत त्यावर अर्थशास्त्रात डार्बी आणि कार्नी या दोघांचा १९७३ चा पेपर आहे आणि त्यात उदाहरण कुठलं, तर दुरुस्तीचंच. काही वस्तू अशा की घ्यायच्या आधी कळतं चांगली की वाईट, काही वापरल्यावर कळतं, आणि तिसरा प्रकार असा की वापरल्यावरही कळत नाही. पार्ट बदलला, गाडी नीट चालली. आता बदलला म्हणून नीट चालली की बदलला नसता तरी चाललीच असती? रोग सांगणारा आणि औषध विकणारा माणूस एकच. डॉक्टर, वकील, मेकॅनिक तिघं एका बाकावर बसतात. ॲकरलॉफचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा पेपर त्याआधीचा, १९७० चा, त्याला पुढे २००१ मध्ये नोबेल मिळालं, त्याचं सार हे की वाईट माल ओळखता येत नसला की चांगल्या मालाला पण वाईटाचाच भाव मिळतो. चारचाकीचा_हप्ता यांनी काळी_नखं यांच्यावर जो संशय घेतला तो म्हणजे हाच भाव.

दुसरा_गिअर
सर, डॉक्टरकडे कोणी "पलीकडे स्वस्तात सांगितलंय" म्हणत नाही, आमच्याकडे रोज म्हणतात 😄

काळी_नखं
आणि डॉक्टरला कोणी स्वतःच्या गोळ्या घरून आणून देत नाही. आमच्याकडे ऑनलाइन मागवलेला डुप्लिकेट पार्ट घेऊन येतात आणि म्हणतात हाच बसवा, पण गॅरंटी तुमची.

परदेशी_पाहुणा
ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून वार्षिक तपासणीत दोषांचे प्रकार केलेत, किरकोळ, मोठे आणि धोकादायक. धोकादायक शिक्का पडला की गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर न्यायची नाही, नेली तर दंड. म्हणजे तिथे तपासणाऱ्याला "मी कोण सांगणारा" हा प्रश्न तेवढ्यापुरता पडत नाही, शिक्का बोलतो. अर्थात किल्ली तिथेही मालकाचीच, तो रात्री घेऊन गेला तर गेला.

पाना_आणि_पोळी
मी बाई आहे आणि मेकॅनिक आहे, आधीच सांगते म्हणजे तो प्रश्न संपला. धाग्यात सगळे खराब पार्टवर बोलताय, माझ्या डोक्यातून जी गोष्ट जात नाही त्यात गाडीला काहीच झालं नव्हतं.

एक बाई नेहमी यायची सर्व्हिसिंगला, शांत, बिल न बघता पैसे द्यायची. एकदा ऑइल बदलायला गाडी वर घेतली तर मागच्या बंपरच्या आतल्या बाजूला चुंबकाने चिकटवलेली काळी डबी. जीपीएस ट्रॅकर. आता कर्जावर घेतलेल्या गाड्यांना कधी कधी कंपनीवाले बसवतात, चोरीच्या भीतीने मालकही बसवतात, पण ते वायरिंगला जोडून, डॅशबोर्डच्या मागे वगैरे. ही बॅटरीवाली, वरवर चिकटवलेली, धूळ नसलेली. दर आठवड्याला चार्ज करायला कोणीतरी काढत असणार म्हणजे गाडीच्या जवळचंच कोणीतरी.

माझ्या हातात ती डबी होती आणि मी खाली उभी. तिला सांगायचं? तिने स्वतःच लावली असेल तर मी वेडी ठरले. नवऱ्याने लावली असेल तर मी कोणाच्या संसारात हात घालतेय? काढून फेकली तर? ज्याने लावली त्याला त्याच क्षणी कळणार की गाडी गॅरेजमध्ये असताना डबी बंद पडली, आणि घरी गेल्यावर त्याचा हिशोब तिला द्यावा लागणार. हे मला तेव्हा सुचलं ते माझ्या हुशारीने नाही, माझ्या मावशीच्या घरात लहानपणी जे बघितलं त्याने.

डबी होती तिथेच परत लावली. ती गाडी घ्यायला आली, तेवढ्यात तिचा नवरा पण आला, दोघं एकत्रच. नेहमी एकटी यायची. मी म्हणाले सगळं ठीक आहे ताई, पुढच्या वेळी मागचे टायर बघू. गाडी गेली. पुढची वेळ आलीच नाही. तिचा नंबर होता माझ्याकडे, पण फोन करून काय बोलू, आणि तो फोन कोण उचलेल? चार वर्षं झाली.

ऐकणारी
पाना_आणि_पोळी, तुम्ही डबी परत लावलीत ते बरोबर केलंत. मी हेल्पलाइनवर काम केलंय, आम्ही हेच सांगायचो, लगेच काढू नका, काढलेली कळते आणि माणूस चवताळतो. आधी तिला एकटीला, गाडीपासून लांब, तिच्या फोनपासूनही लांब, सांगायचं. ठेवायची की काढायची की तक्रार करायची ते तिने ठरवायचं, कारण घरात काय होतं ते तिलाच माहीत. जमलं तर फोटो काढून ठेवायचा, पुरावा म्हणून. पुढच्या वेळी असं झालं तर काहीतरी साधं कारण काढा, "ताई जरा आत या, टायरची खूण दाखवते", नवरा चार पावलं मागे राहिला तरी एक वाक्य बोलून होतं. तुम्ही तेव्हा बोलला नाहीत याचं ओझं किती आहे ते कळतंय, पण त्याच्यासमोर बोलला नाहीत हेही तुम्हीच केलंत.

पाना_आणि_पोळी
हो. एवढंच लिहिते, हो.

मल्टीमीटर
मला वेगळीच बोच आहे. प्रामाणिकपणे चुकणं. गाडी चालता चालता मधेच बंद पडते, आठवड्यातून एकदा, आणि आमच्याकडे आली की गपगुमान चालते. स्कॅनर लावला, एक एरर कोड आला, सेन्सर बदलला. परत बंद. मग इंधन पंप. परत बंद. तिसऱ्या वेळेला सापडलं की एका अर्थिंगच्या वायरच्या टोकाला गंज होता, सॅंडपेपरने घासून काम झालं. आता बिल कशाचं लावू? सेन्सर आणि पंप दोन्ही चांगले होते, ते मी काढले, नवे बसले, नवे परत दुकानदार घेत नाही. माझा अंदाज चुकला त्याचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यायचे? आणि ३ दिवस डोकं फोडलं त्याचे मला कोणी द्यायचे? अर्धे मी सोसले. तो तरीही बोलला की २ मिनिटांच्या सॅंडपेपरला एवढे पैसे.

आणि कधी कधी तर मेकॅनिकला कळायची सोयच नसते. जीएमच्या (जनरल मोटर्स) इग्निशन स्विचचं घ्या, म्हणजे किल्लीने गाडी चालू करायचा स्विच. किल्लीचं जुडगं जड असलं किंवा धक्का बसला तरी स्विच सरकायचा, इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि मुख्य म्हणजे एअरबॅग उघडत नसत. मध्ये स्विच सुधारला पण पार्ट नंबर जुनाच ठेवला. विचार करा, २ पार्ट, एक माणूस मारणारा आणि एक चांगला, दोघांवर नंबर तोच. गॅरेजमध्ये उभा असलेला माणूस काय ओळखणार? २०१४ मध्ये गाड्या परत बोलावल्या, कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. तोपर्यंत किती मेकॅनिकांनी "गाडीत काही दोष सापडला नाही" असं बिलावर लिहून किल्ली परत दिली असेल. ते लोक कसे झोपतात हा प्रश्न मला पडतो, त्यांनी तर काहीच केलं नव्हतं.

हाताखालचा
मी अजून शिकतोय, २ वर्षं झाली. उस्ताद हा धागा वाचत नसतील अशी आशा.

चाकं काढून ब्रेक साफ करायचे होते, ४ चाकं. मी हातानेच नट लावून ठेवतो, मग गाडी खाली उतरवून टॉर्क रेंचने समोरासमोरचे आवळतो, तशीच शिकवण आहे. तिसऱ्या चाकाला फोन आला घरून, वडिलांना बरं नव्हतं, परत आलो तर डोक्यात होतं की सगळी झाली. गाडी गेली. रात्री जेवताना, नाही, ताटावर बसलो आणि घास हातातच, की चौथ्याचा क्लिक आवाज मी ऐकलाच नव्हता. रेंचचा क्लिक माहितीय ना, नट हवा तेवढा आवळला की येतो, तो कानात राहतो. ३ चाकांचे होते, चौथ्याचे नव्हते.

आता मजा बघा, माझ्याकडे गिऱ्हाइकाचा नंबर नाही, नंबर उस्तादांकडे. सांगितलं तर नोकरी जाईल ही भीती, आणि दुसरं मन म्हणतंय झाले असतील रे आवळून, उगाच. पाऊण तास मी त्या दुसऱ्या मनाचं ऐकलं. पाऊण तास. मग फोन केला. उस्ताद एक शब्द बोलले नाहीत, फोन ठेवला, गिऱ्हाइकाला लावला, स्वतः रेंच घेऊन त्याच्या घरी गेले. ५ पैकी ३ नट बोटांनी फिरत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाला माझ्यासमोर सांगितलं, "माझ्याकडून राहिलं". माझं नाव नाही घेतलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर आमच्याकडे नियम आहे, चाक आवळलं की नटवर खडूने रेघ आणि जॉबकार्डवर आवळणाऱ्याची सही, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की ५०-१०० किलोमीटर झाले की परत येऊन आवळून घ्या. पण मला तो पाऊण तास विसरता येत नाही.

काळी_नखं
हाताखालचा, तुझ्या उस्तादांना माझा नमस्कार सांग. नको, सांगू नकोस, मग त्यांना धागा कळेल.

दुसरा_गिअर
या पोरानं फोन तरी केला. मी नसता केला त्या वयात.

बाबांची_गाडी
मी गाडीतली काही नाही, पण एक मेकॅनिक आमच्या घरात काय करून गेला ते सांगते.

बाबा ७८ चे. गाडी त्यांचा जीव. आम्ही सगळे लांब राहतो, फोनवर ते व्यवस्थित बोलायचे. एके दिवशी त्यांच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याचा फोन आला मला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मला वाटलं उधारी राहिलीय. मग म्हणाला, ताई, काका ३ महिन्यांत ५ वेळा आले. पहिल्यांदा आरसा, मग डावा फेंडर, मग परत डावा फेंडर. पाचव्यांदा आले ते ऑइल बदलायला, १० दिवसांपूर्वीच बदललेलं. मी म्हणालो काका आत्ताच केलंय, तर ते माझ्याशी वाद घालायला लागले, आणि मग एकदम गप्प बसले आणि मला म्हणाले कोणाला सांगू नकोस.

तो मला म्हणाला, मी त्यांना शब्द दिला होता, तो मोडून तुम्हाला फोन करतोय. आणि फोनवर रडला तो. मोठा माणूस.

बाबांना जेव्हा कळलं की त्याने सांगितलं तेव्हा त्यांनी त्याचं नाव टाकलं. ३० वर्षांची ओळख. गाडी आम्ही विकली, त्यालाच सांगितलं विकायला. बाबा गेले तोपर्यंत ते त्याच्याशी बोलले नाहीत, तो भेटायला यायचा तेव्हा तोंड फिरवून पडायचे. नंतर नंतर ओळखेनासे झाले तेव्हा मात्र एकदा त्याचा हात बघून म्हणाले, गॅरेजमध्ये काम करतोस वाटतं. नखं बघून. मग छान गप्पा मारल्या.

मला त्याला काय म्हणावं हे आजही समजत नाही. त्याच्यामुळे कोणीतरी जिवंत असेल रस्त्यावरचं, आम्हाला तो माणूस कधी कळणार नाही.

डिझेल_डोकं
भारी वाटलं वाचून पण मूड बदलतो जरा. धुराचं कोणीच बोललं नाही. माझ्याकडे महिन्याला दोघं-तिघं येतात, डिझेल गाडीचा पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) चोंदलाय, नवा महाग, तर आतलं काढून पोकळ डबा बसवा आणि सॉफ्टवेअरमधून बंद करा. मी नाही म्हणतो, ते पलीकडे जाऊन करून येतात आणि मग बाकीची कामं पण तिकडेच. म्हणजे माझ्या नाही म्हणण्याने धूर तेवढाच राहिला, गिऱ्हाईक मात्र गेलं. लोक म्हणतात फोक्सवॅगनने २०१५ मध्ये जगभर १ कोटी १० लाख गाड्यांत धुराची चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर घातलेलं सापडलं, एवढी मोठी कंपनी करते तर तू कोण संत? मला यावर उत्तर सुचत नाही, राग मात्र येतो.

चारचाकीचा_हप्ता
उत्तर सोपं आहे, त्यांनी केलं म्हणून तुम्ही करायचं नाही.

डिझेल_डोकं
सोपं आहे कारण तुमचं दुकान नाही.

टॉर्क_रेंच
दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका. बाय द वे काळी_नखं, त्या शाळेच्या गाडीचं काय झालं पुढे?

काळी_नखं
तेच लिहायला आलो होतो, कसं लिहू कळत नव्हतं.

हाताखालचा याची पोस्ट वाचली आणि मी पण फोन केला. त्याने उचलला नाही. ३ वेळा नाही. मग शाळा भरायच्या वेळेला गेलो तिथे, मुलं उतरवून परत जाताना त्याला गाठला. चिडला. म्हणाला मागे का लागलाय, सही दिली ना तुम्हाला. चारचाकीचा_हप्ता यांची गोष्ट डोक्यात होती, म्हणून म्हणालो, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, गाडी आण आणि तू स्वतः बघ, तुला नाही वाटलं तर मी परत फोन करणार नाही.

आला रात्री. गाडी वर घेतली, पहार त्याच्या हातात दिली, कुठे टेकवायची दाखवलं आणि मी मागे सरकलो. त्याने उचकटलं. टक. परत केलं. टक. चांगल्या गाडीचा पण दाखवला, दुसरी उभी होती तिचा, तो हलत नाही. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, पैसे खरंच नाहीत. मी म्हणालो डावा जॉइंट आणि होज आज करतो, दर महिन्याला थोडे थोडे दे. बायकोला सांगितलेलं नाही हे, उधारीची वही ती बघते. रात्री ११ पर्यंत दोघांनी मिळून केलं, तो हेल्परसारखा टॉर्च धरून.

आता खरी गोष्ट. होज काढला तो आतून पण सुटायला आला होता, त्याबद्दल शंका नाही. पण बॉल जॉइंट काढून टेबलावर घेतला, कापून बघितला, तर झीज होती, गंज होता, हलत होता, पण खोबणीचं तोंड अजून धड होतं. उद्या निसटणारा नव्हता. ६ महिने गेला असता, वर्षही गेला असता कदाचित. एवढ्या दिवसांत मी डोक्यात त्याला इतका मोठा केला होता, शाळेत जाऊन माणसाला भर रस्त्यात गाठला, आणि तो इतका काही वाईट नव्हता. बिलावर "धोकादायक" मीच लिहिलं होतं ना. त्या रात्री तो निघून गेल्यावर कापला, त्यामुळे त्याने हे बघितलेलं नाही.

कापलेला जॉइंट टेबलावर आहे. चारचाकीचा_हप्ता, तुम्हीच बोला आता.

चारचाकीचा_हप्ता
बूट फाटलेला होता का?

काळी_नखं
हो.

चारचाकीचा_हप्ता
पाणी गेलं होतं का आत?

काळी_नखं
हो. गंज धरलेला.

चारचाकीचा_हप्ता
कापायच्या आधी कळलं असतं का किती राहिलाय ते?

काळी_नखं
नाही. कापल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

चारचाकीचा_हप्ता
मग त्याला बोलावून दाखवा तो तुकडा. जे मला लिहिलंत तेच त्याला सांगा, ६ महिने गेला असता म्हणून. माझ्या शॉकअपवाल्याने मला असलं काही दाखवलं असतं तर मी आजही त्याच्याकडेच जात असतो. आणि उजवा कधी करताय?

काळी_नखं
सोमवारी येतोय. तुकडा ठेवलाय बाजूला, धुऊन.